व्याह्यांना बोट कोण दाखवणार?

तापीकाठच्या गावातल्या लालबागमध्ये सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या टोळक्यात मध्यंतरी एक नवे गृहस्थ आले. ओळख झाली, आणि त्यांनी विचारलं, "मिलमध्ये काय करायचात? कागद बनवायचात?" म्हटलं, नाही. "मग मशीन दुरुस्ती?" नाही. "हिशेबात असाल." तेही नाही. शेवटी मी नीट सांगितलं, की एखाद्याला त्याचं काम का जमत नाही ते मी शोधून काढायचो, आणि शिकवण्याची गरज असेल तर शिकवायची सोय करायचो. गृहस्थ म्हणाले, "म्हणजे लोकांची उणीदुणी काढायचा पगार होता म्हणा की!"

त्यांचं अगदीच चुकलं असंही नाही. आमची कागद मिल असीरगढच्या वाटेवर. पांढरा, लिहायचा कागद आम्ही करत नव्हतो. आमचा जाड खाकी कागद, ज्याची खोकी होतात आणि ज्या खोक्यांतून आमच्या तापीकाठची केळी देशभर जातात. मिलमधले बरेच कामगार खानदेशातून आलेल्या घरांतले. बाप आला, मग मुलगा लागला, मग भाचा लागला. सगळे मिलच्या कॉलनीत राहणार, एकमेकांच्या पोरी-पोरांची लग्नं जमवणार. मी, अरुण चौधरी, ट्रेनिंग विभागाचा प्रमुख. विभागात मी, एक टेबल, एक प्रोजेक्टर आणि पंखा.

कारखान्यात काही बिघडलं की वरच्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'ट्रेनिंग दो.' घरात जशी हळद वापरतात तसं त्यांचं ट्रेनिंग. कापलं, लावा. सुजलं, लावा. खोकला झाला, दुधातून द्या. माझं खरं काम होतं ते हळद कुठे लावायची नाही हे सांगायचं. काम बिघडतं ते माणसाला येत नाही म्हणून, किंवा हाताशी नीट साधन नाही म्हणून, किंवा त्याची करायची इच्छाच नाही म्हणून. यातल्या पहिल्यालाच शिकवून उपयोग. बाकीच्यांना वर्गात बसवलं तर ते झोपतात, आणि ते योग्यच करतात.

दरवर्षी प्रत्येक खात्याला मी विचारायचो, तुमच्या लोकांना काय शिकवायला हवं? निम्म्या साहेबांचं उत्तर 'कम्युनिकेशन स्किल'. एका साहेबांनी एका कामगाराला 'टाइम मॅनेजमेंट' शिकवा म्हणून हट्ट धरला, कारण तो रोज उशिरा यायचा. चौकशी केली तर त्याची शाहपूरहून येणारी बसच उशिरा येत होती. बसला शिकवता आलं असतं तर मी नक्की शिकवलं असतं.

माझी मिलमधली सगळ्यांत मोठी मर्दुमकी म्हणजे चष्म्यांची. कटिंग खात्यात कागद तिरका कापला जायचा. खात्याच्या साहेबांना बाहेरून शिक्षक बोलवायचा होता. मी एक दिवस डबा खायच्या वेळी तिथे जाऊन बसलो आणि प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्र दिलं, म्हटलं जरा वाचून दाखवा. सगळ्या जुन्या कामगारांनी पेपर हात ताणून लांब धरला. मग डोळे तपासून घेतले, चष्मे आले, कागद सरळ कापला जाऊ लागला. या गोष्टीवर मी पुढे बरीच वर्षं काढली. येणाऱ्या प्रत्येक नव्या मॅनेजरला ती ऐकवायची आणि त्यांनी 'वा चौधरीजी' म्हणायचं, असा रिवाजच पडला होता.

मग रश्मी आली.

रश्मी सोनवणे. घर इथल्याच शनवारा पेठेतलं, पण वाढली इंदूरला. निवृत्ती जवळ आली म्हणून माझ्या हाताखाली दिली, म्हणजे माझ्यानंतर तिनेच विभाग बघायचा होता. मराठी बोलायची ती निम्मी हिंदीतून. वागायला लाघवी, 'सर, सर' करणारी, आणि कामाला विजेसारखी. माझ्याकडे प्रत्येक कामासाठी मोठी प्रश्नावली होती, मी स्वतः वर्षानुवर्षं घासून-पुसून तयार केलेली. माणसाशेजारी उभं राहायचं, त्याची प्रत्येक हालचाल बघायची, मग त्याला विचारायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं. त्यात आठवडे जायचे. रश्मीकडे एकच प्रश्न होता. "हे आधी नीट होत होतं का?"

बॉयलरवर कोळसा जास्त जळतोय, माणसांना शिकवा, अशी मागणी आली. मी प्रश्नावली काढेपर्यंत ती तिथे जाऊन आली होती. तिने विचारलं, आधी नीट होत होतं का? हो म्हणाले. मग बदललं काय? तर कोळसा बदलला होता, दुसऱ्या खाणीचा येत होता. चहाचा कप खाली ठेवायच्या आत तिचं काम झालं. ज्याला आधी जमत होतं त्याला ते येतं, मग काय येतं ते विचारत बसायचं कशाला? इतकी साधी गोष्ट. मला ती सुचली नव्हती, आणि जिला सुचली ती माझ्याच पंख्याखाली बसली होती.

मला हेवा वाटला. हेवा हा शब्दही मवाळ आहे, माझा जळफळाट झाला. बॉयलरवाले फोन करून 'मॅडम आहेत का' विचारू लागले. मॅनेजर साहेबांनी, जे मूळचे ग्वाल्हेरकडचे, मीटिंगमध्ये तिला म्हटलं, "आप तो डॉक्टर निकलीं!" मला आजवर कुणी कंपाउंडरही म्हटलं नव्हतं. घरी बायको म्हणायची, "अहो, पोर हुशार आहे तर तुमचंच ओझं कमी होतंय ना?" मी म्हणायचो, हो. आणि दुसऱ्या दिवशी मी रश्मीच्या मराठीतल्या चुका काढायचो. ती हसून दुरुस्त करायची आणि थँक यू म्हणायची. तेवढाही आनंद तिने मला मिळू दिला नाही.

अशात भागवत पाटलाचं प्रकरण आलं.

ते कळायला मशीन थोडं समजून घ्यावं लागेल. हॉलच्या एका टोकाला पातळ लगदा चाळणीवर पसरतो, तिथे ओला कागद तयार होतो. मग तो गरम रोळांवरून वळणं घेत वाळत वाळत दुसऱ्या टोकाला येतो आणि तिथे गुंडाळला जातो. ओल्या टोकाला एक माणूस, सुक्या टोकाला एक. चूक होते ओल्या टोकाला, पण दिसते सुक्या टोकाला. कागदाची कड फाटायला लागली की सुक्या टोकाच्या माणसाने ताबडतोब ओल्या टोकाच्या माणसाला कळवायचं, त्याने पाणी-लगदा सांभाळायचा. उशीर झाला की कागद तुटतो, आणि तो पुन्हा लावेपर्यंत सगळ्यांची धावपळ.

हॉलमध्ये आवाज इतका की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. त्यामुळे कळवायचं ते शिट्टी मारून आणि हातांनी. शिट्टी मारली की ओल्या टोकाचा माणूस मान वर करतो. मग आपली दोन बोटं आपल्या डोळ्यांपुढे न्यायची आणि त्याच्यावर रोखायची. त्याचा अर्थ, 'डोळे फुटले का? कड बघ!' लगदा घट्ट झाला तर मूठ वळून त्याच्यासमोर नाचवायची. जास्तच बिघडलं तर कपाळावर हात मारायचा. ही भाषा कुणी ठरवली माहीत नाही. शिव्या ऐकू येत नाहीत म्हणून त्या हातात उतरल्या असाव्यात. पण काम चोख व्हायचं.

भागवत पाटील सुक्या टोकाचा जुना माणूस. कागद नुसता समोरून गेला तरी त्याला त्याची नाडी कळायची. त्याच्या शिफ्टमध्ये कागद एकाएकी फार तुटायला लागला. मॅनेजर साहेब म्हणाले, ट्रेनिंग दो. मी प्रश्नावली घेऊन गेलो.

"भागवत, कड फाटताना दिसली तर काय कराल?"

"शिट्टी मारीन, साहेब. मंग हात दाखवीन."

"कसा? दाखवा."

त्याने शिट्टी मारली. दोन बोटं डोळ्यांपुढे नेली, मी समोर उभा होतो म्हणून थोडा थबकला, आणि बाजूच्या भिंतीवर रोखली. मी सगळ्या उत्तरांना पूर्ण गुण दिले. त्याला सगळं येत होतं. साधन म्हणजे शिट्टी आणि हात, ते जागेवर होते. इच्छा नाही असं त्या माणसाबद्दल म्हणवत नव्हतं. मग मी ठरवलं की वयाप्रमाणे लक्ष कमी झालं असेल, आणि त्याला पुन्हा वर्गात बसवलं, प्रोजेक्टरवर फिल्म दाखवली. भागवतने ती हात जोडून बघितली. कागद तुटतच राहिला.

मॅनेजर साहेबांनी बोलावलं. "चौधरीजी, ये आदमी गया अब. यार्ड में डालो इसको."

यार्ड म्हणजे उन्हात रद्दी निवडायची जागा. मशीनवरचा माणूस यार्डात गेला की कॉलनीत त्याची किंमत संपली. संध्याकाळी भागवत माझ्या टेबलापुढे उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"साहेब, काही बी करा, पण यार्डात नका धाडू. पोरगी समोरच्याच लाइनीत दिलीय. तिच्या सासरचे लोक रोज पाहतीन मले रद्दी निवडताना. पोरीले काय वाटीन?"

मला ठाऊक होतं. त्या लग्नाला मी होतो. पहिल्या पंगतीला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी चापून जेवलो होतो. मी त्याला म्हटलं, बघतो, सोमवारपर्यंत थांबवतो. बघणार काय, ते मला समजत नव्हतं.

रश्मीने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "सर, मी एक दुपार बसू का तिथे? बस, ऐसे ही."

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगतो. भागवत वाचावा असं मला अगदी मनापासून वाटत होतं. आणि तो रश्मीच्या हातून वाचू नये असंही तितक्याच मनापासून वाटत होतं. दोन्ही एकदम मागायला कोणत्या देवाकडे जायचं? मी म्हटलं, "जा की. पण मी सगळं तपासलंय."

दुपारी ती गेली. मी टेबलाशी बसून प्रश्नावली पुन्हा पुन्हा चाळत होतो. चहाची वेळ झाल्यावर ती परत आली, कानातले बोळे काढले आणि विचारलं, "सर, भागवतकाका आणि ओल्या साइडचे प्रल्हादकाका, रिश्ते में क्या लगते हैं?"

"व्याही," मी म्हटलं. "भागवतची मुलगी प्रल्हाद महाजनांच्या घरी दिलीय."

"कधी?"

"यंदाच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला. मी होतो ना ल..." आणि मी बोलायचा थांबलो.

कागद तुटायला लागला होता तो आखाजीनंतर.

रश्मी सांगत होती. चहा आला तेव्हा प्रल्हादकाका बसेपर्यंत भागवतकाका उभेच होते. त्यांनी पहिला घोट घेतल्यावर यांनी कप तोंडाला लावला. "मला तिथेच डाउट आला. माझे पप्पासुद्धा आत्याच्या सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसत नाहीत." मग मशीनवर गेल्यावर कड फाटू लागली. भागवतने ती पाहिली, शिट्टी ओठांपर्यंत नेली, खाली घेतली, आणि रोळांच्या कडेकडेने झपझप चालत ओल्या टोकाकडे निघाला, म्हणजे जवळ जाऊन अदबीने सांगता येईल. तो पोहोचायच्या आत कागद तुटला.

आम्ही भागवतला बोलावलं. रश्मीने हळूच विचारलं. भागवत एकदम बोलायला लागला.

"मॅडम, पोरीचा सासरा हाये तो. आमचा याही. त्याले मी डोळ्यापुढं बोटं नाचवू? मूठ दाखवू? उभ्या हॉलसमोर? आधी आम्ही दोस्त होतो तव्हा दिवसभर दाखवत व्हतो. आता कसा दाखवू?"

"मग काका, आम्हाला सांगायचं ना!"

"काय सांगू? का आमचे याही चुकतात म्हनून?"

मी तर पुरता ओशाळलो. मुलीचा बाप व्याह्यांपुढे वाकतो, हे मी जन्मल्यापासून बघत आलोय. माझ्या स्वतःच्या व्याह्यांना मी अजून 'असं नाही, तसं' म्हणालेलो नाही. इतकं सवयीचं होतं की ते कधी डोळ्यांत भरलंच नाही. बाहेर वाढलेल्या पोरीच्या डोळ्यांत ते एका चहात भरलं.

ती भागवतला धीर देत होती, तेवढ्यात मी घाई करून म्हटलं, "सोपं आहे. दोघांच्या शिफ्ट वेगळ्या करून टाकू." निदान उपाय तरी माझा असावा, ही माझी धडपड.

भागवतचा चेहरा उतरला. रश्मी म्हणाली, "सर, कॉलनी में सब पूछेंगे ना, की दोघांना वेगळं का केलं? म्हणतील व्याह्याव्याह्यांचं फाटलं. आणि ते ऐकावं लागेल प्रल्हादकाकांच्या घरात राहणाऱ्या त्या मुलीला." बरोबर होतं. भागवतने जोरजोराने मान डोलावली. मला तिच्या त्या समजुतीचाही हेवा वाटला, म्हणजे बुद्धीचा झाला होताच, वर हा.

तिने सुचवलं ते असं, की सुक्या टोकाला बटणं बसवायची आणि ओल्या टोकाला दिवे. कडेसाठी पिवळा, लगद्यासाठी लाल. माणसाने माणसाला काही दाखवायचंच नाही. बटण दाबायचं, दिवा लागेल. मी म्हटलं, इतकी वर्षं हातांवर चाललंय, लोक दिव्याकडे बघणार नाहीत. मला खरंच तसं वाटत होतं की तिचं चुकावं असं वाटत होतं, हे आता मलाही सांगता यायचं नाही. इलेक्ट्रिशियनने दिवे बसवले. मॅनेजर साहेबांना रश्मीने कारण सांगितलं ते इतकंच, की आवाजात इशारे पोहोचत नाहीत. व्याह्यांचा शब्द तिने काढला नाही.

मी दुसऱ्या दिवशी बघायला गेलो. कड फाटू लागली. भागवतने बटण असं दाबलं, की आखाजीपासून आवरून धरलेला सगळा राग त्या अंगठ्यात उतरला असावा. पिवळा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, पुन्हा. प्रल्हाद महाजनांनी पळत जाऊन पाणी सारखं केलं. कागद टिकला. चहाला दोघं शेजारी आले तेव्हा प्रल्हादराव म्हणाले, "हा दिवा भलताच कजाग हाये बापा. दम म्हनून घेऊ देत नाही."

भागवत अदबीने म्हणाला, "दिवाच तो, याही. त्याले मानपान काय समजते?"

त्या शिफ्टचा कागद मिलमध्ये सगळ्यांत कमी तुटू लागला. यार्डाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

काही दिवसांनी भागवत आमच्या खोलीत आला. हातात मावा जलेबीचा पुडा, अजून गरम. रश्मी तिच्या टेबलाशी होती. तिच्यासमोरून तो सरळ माझ्याकडे आला, पुडा ठेवला आणि पाया पडायला वाकला. "साहेब, तुमच्यामुळं मानानं उभा हाय मशीनवर."

ती जलेबी समोर सुटलेल्या वासासकट पडली होती, आणि ती माझी नव्हती. दुसऱ्याची वस्तू मला कुणी आणून दिली तर माझा हेवा कमी होईल असं मला आधी वाटायचं. तसं काही होत नाही. मी म्हटलं, "भागवत, हे मी नाही केलं. मला तर काही कळलंच नव्हतं. सगळं डोकं या मॅडमचं."

भागवतने वळून रश्मीकडे पाहिलं. तिने एव्हाना पुड्यातली एक जलेबी उचलली होती. भरल्या तोंडाने म्हणाली, "नाही हो काका. सरच. मी तर फक्त एक दुपार बसले."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच तसं वाटत होतं. तिच्या दृष्टीने ते एका दुपारचं काम होतं, संपलं. मी महिनाभर ज्यासाठी जळलो ते तिने उचलून मला देऊन टाकलं आणि जलेबी खात बसली. माझा सगळ्यात मोठा हेवा तिच्या हुशारीचा नव्हताच, हे मला तिथे कळलं. तिला श्रेय लागतच नव्हतं, याचा होता.

भागवत माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते. "साहेब, पोरीसारखीले पुढं करता अन् सोता मागं राहता. येवढं मोठं मन कुठून आनता तुम्ही?"

ही गोष्ट मिलभर झाली. निवृत्तीच्या दिवशी मॅनेजर साहेबांनी भाषणात माझ्या चष्म्यांचं नाव घेतलं नाही, 'चौधरीजी के दिये' मात्र रंगवून सांगितले. मी उत्तराला उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर स्वच्छ सांगितलं, की ते दिवे माझे नाहीत, ते रश्मी सोनवणे यांचे आहेत, मी त्यांना विरोध केला होता. मग सगळा हॉल माझ्या विनयाला टाळ्या वाजवू लागला, आणि सगळ्यांत जोरात रश्मी वाजवत होती.